अण्णांचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करताना

नाशिकमधल्या तिवंध्याजवळचा आमचा वाडा मे २०२३ मध्ये रिकामा केला. पावसाळ्याच्या तोंडी धोकादायक घराची नोटीस दरवर्षी यायची, तशी त्याही वर्षी आली. या वेळी चुलत भावंडांचं एकमत झालं आणि वाडा पाडायचं ठरलं. १४ मे, रविवारी माळ्यावरचं शेवटचं सामान उतरवताना जुन्या सतरंजीत गुंडाळलेला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रेडिओ निघाला. लाकडी पेटी, खाली पियानोसारखी पाच बटणं, पुढं पिवळं पडलेलं जाळीदार कापड आणि वर गावांची नावं लिहिलेली काच. मागच्या पुठ्ठ्याला सुतळीनं एक छोटं पुस्तक बांधलेलं होतं. ते रेडिओचं लायसन्स.

नव्या पिढीला हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत पूर्ण बंद झाली. अण्णांच्या पुस्तकातला पहिला शिक्का १९६१चा आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ते नोकरीला होते, हप्त्यानं रेडिओ घेतला होता. एकही वर्ष चुकलेलं नाही. नंतरच्या पानांवर पंधरा-पंधरा रुपयांच्या नोंदी आहेत. मी ते पुस्तक वाचत वाड्याच्या पायरीवरच बसले, टेम्पोवाला खोळंबला.

तो रेडिओ आता इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वाजतो. त्याला सात महिने लागले. मी एका विमा कार्यालयात हिशेबाचं काम करते, इलेक्ट्रॉनिक्स मला शाळेतल्या विज्ञानापुरतंच माहीत होतं. ज्यांच्या माळ्यावर असा एखादा सेट पडून आहे आणि हात लावायची भीती वाटते, त्यांच्यासाठी घडलं तसं सगळं लिहिते आहे.

सुरुवातीलाच माझ्या हातून चूक झाली. त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, मी रेडिओचा प्लग लावला. वायरचं रबर कडक होऊन तडकलं होतं, तिथं चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबलं. काचेमागचा दिवा लागला. अर्ध्या मिनिटानं कोपऱ्यातला हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारी नळी, अंधुक उजळला. आई, वय ८४, खुर्चीतून उठून जवळ आली. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येऊ लागला आणि वाढतच गेला. आम्हाला वाटलं, तापतोय, आता बोलेल. दोन-तीन मिनिटांत मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला, मग जळका वास, मग आवाज एकदम बंद. प्लग ओढला तेव्हा मागच्या पुठ्ठ्यातून धुराची एक बारीक रेघ येत होती.

नेमकं काय जळलं, हे मला पुढं जवळजवळ दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की बासष्ट वर्षं टिकलेली वस्तू मी तीन मिनिटांत घालवली. आई काही बोलली नाही. तिनं रेडिओवर सतरंजी परत घातली.

मग मेकॅनिक शोधणं सुरू झालं. महात्मा गांधी रोडवर दोन दुकानांत विचारलं. एकानं हातच लावला नाही. दुसऱ्यानं आतलं सगळं काढून ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह बसवून द्यायची तयारी दाखवली, १,५०० रुपयांत. त्यात त्या माणसाचं काही चुकलं नाही, त्याच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं तेच मागत असतील. पण पेटी अण्णांची आणि आवाज चिनी बोर्डाचा, हे माझ्या मनाला पटेना. शेवटी मेन रोडवरच्या एका घड्याळदुरुस्तीवाल्यांनी पंचवटीतल्या एका काकांचा पत्ता दिला. सराफ बाजाराच्या बाजूला त्यांचं रेडिओचं दुकान होतं. सप्टेंबर २००८च्या पुरात गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं, सर्किटच्या आकृत्यांची सगळी बाडं भिजली आणि त्यांनी दुकान बंद केलं. आता वय ऐंशीच्या घरात.

२५ जूनला त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेटीकडे पाहिलंही नाही, आधी विचारलं, “ताई, प्लग लावला होता का?”

मी हो म्हटलं. काकांनी मान हलवली. “समदे लावतात. किती वेळ?”

“तीन मिनिटं.”

“मग आऊटपुट गेला असंल. बघू.”

त्यांना आता बारीक दिसत नाही, हातही थरथरतो. म्हणाले, “मी करून देणार नाही. तुम्ही करा, मी शेजारी बसतो. दर रविवारी दहा ते बारा.” पैशाचा विषय काढला तर रागावले. मग मी दर रविवारी त्यांना आवडणारी कोंडाजीची चिवड्याची पुडी घेऊन जाऊ लागले, ती मात्र घ्यायचे.

पहिल्या रविवारी रेडिओ उघडलासुद्धा नाही, फक्त सामानाची यादी झाली. डिजिटल मल्टीमीटर ६५० रुपये. २५ वॉटचा सोल्डर आयर्न, सोल्डर वायर आणि जुना सोल्डर ओढून घ्यायचा पंप मिळून ७००. आणि सिरीज बोर्ड, तो घरीच बनवला, २८० रुपयांत. हा बोर्ड माझ्याकडे १४ मेला असता तर पुढचा निम्मा उपद्व्याप वाचला असता. लाकडी फळीवर एक बल्बचा होल्डर आणि एक प्लगचा सॉकेट, दोन्ही एकामागे एक जोडलेले. रेडिओकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाते. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. बल्ब मात्र जुन्या पद्धतीचा, तारेचाच लागतो, एलईडी चालत नाही. असा १०० वॉटचा बल्ब नाशकात मला चार दुकानांत मिळाला नाही. शेवटी पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला, पिल्लांना ऊब द्यायला ते अजून ठेवतात.

दुसऱ्या रविवारी मागचा पुठ्ठा काढला. आत उंदराचं घरटं: कागदाचे कपटे, कापूस, भुईमुगाची टरफलं. मऊ ब्रशनं आणि हातपंपानं साफ करायला दोन तास लागले, नाकाला रुमाल बांधून. मग खालचे चार स्क्रू काढून अख्खी चासी, म्हणजे आतले सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा, बाहेर ओढली. त्या दिवशी काकांनी मला व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांची, नावं वाचायला शिकवली आणि खरं सांगते, तिथून या कामाची गोडी लागली. आमच्या सेटमध्ये सहा नळ्या आहेत: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याची ईएम ८०. ही नावं म्हणजे भाषाच आहे. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंटला, म्हणजे नळीतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट. एल म्हणजे स्पीकर चालवणारा पेंटोड, झेड म्हणजे एसीचं डीसी करणारा, एम म्हणजे डोळा. पहिलं अक्षर यू असेल तर सावध व्हायचं. त्या सेटमधले फिलामेंट एकामागोमाग जोडलेले असतात, बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि घरच्या लाईनचा करंट थेट चासीवर असू शकतो. असा सेट तुमच्याकडे असेल तर जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय उघडू नका. आमचा ई निघाला, ट्रान्सफॉर्मरवाला.

ट्रान्सफॉर्मरवाला असला तरी आत अडीचशे व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये राहतं. काकांनी एका दहा वॉटच्या रेझिस्टरला दोन चिमटे लावून दिले. बंद केल्यावर आधी तो कंडेन्सरला लावायचा, मिनिटभर थांबायचं, मीटरनं शून्य बघायचं, मगच आत बोट घालायचं. आणि चालू सेटवर मोजताना डावा हात पाठीमागे. माझा हात आता आपोआप मागे जातो.

९ जुलैला निदान झालं. स्पीकरच्या आधी असतो तो आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, मीटर लावला. काही शे ओहम दाखवायला हवे होते, मीटरनं काहीच दाखवलं नाही. आतली तार जळून तुटली होती. कारण होतं बोटाच्या पेराएवढा एक मेणाचा कंडेन्सर. ईबीसी ८१ कडून आलेला आवाज ईएल ८४ च्या ग्रिडपर्यंत, म्हणजे नळीतला करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीपर्यंत, पोचवायचा आणि मागचं डीसी अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम. साठ वर्षांत त्याच्या आतल्या कागदानं ओल धरली आणि तो गळू लागला. गळका झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, ईएल ८४ बेफाम करंट ओढते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. २०२३च्या किमतीत तो कंडेन्सर पंधरा रुपयांचा होता. प्लग लावायच्या आधी एवढा एकच बदलला असता तरी ट्रान्सफॉर्मर वाचला असता. म्हणून जुना सेट मिळाला की आधी तोच बदला. आकृतीत शोधायचा तर आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून मागे जा, पहिला भेटेल तो.

सामानासाठी मुंबई गाठावी लागली. १५ जुलै, शनिवार. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावानं विचारलं तर कुणी पटकन सांगत नाही. जाताना तीन गोष्टी न्या: प्रत्येक भागाची किंमत आणि व्होल्टेज लिहिलेला कागद, जुना भाग नमुन्याला, आणि सुटे पैसे. कंडेन्सर ६३० व्होल्टचे फिल्मचे घ्यायचे, कमी व्होल्टचे स्वस्त मिळतात ते नकोत. कंडेन्सर आणि रेझिस्टर मिळून ६४०, फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक चार नग ३६०, स्विच साफ करायचा स्प्रे ३२०, डायलची दोरी ६०. ईएल ८४ एका जुन्या दुकानात मिळाली, बंगळुरूच्या बेलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची), खोक्यासकट, ९०० रुपयांना. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर तयार नव्हता. वळून देणाऱ्यानं ७५० रुपये आणि तीन आठवडे सांगितले, कुरिअरनं पाठवला पाच आठवड्यांनी. प्रवास, खाणंपिणं धरून दिवसाचे ६०० गेले. हिरवा डोळा मात्र कुठंच मिळाला नाही.

ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत कंडेन्सर बदलत बसले. काकांचा नियम: एका वेळी एकच. जुना काढायच्या आधी मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो, मग नवा जागेवर, मग वहीत टिकमार्क. दोन एकदम काढले तर कुठली तार कुठं होती हे समजेनासं होतं. एका रविवारी दोन, फार तर तीन व्हायचे. सुरुवातीला माझे सोल्डर दाण्यासारखे खडबडीत यायचे. काका नखानं टोकरून म्हणायचे, “ड्राय आहे, परत.” म्हणजे सोल्डरनं नीट धरलेलं नाही. नंतर जमलं. आयर्नचं टोक तारेला आणि टॅगला, म्हणजे तार जोडायच्या पत्र्याच्या टोकाला, दोन्हीला टेकवायचं, मनात तीन म्हणायचं, सोल्डर आपणहून वितळून पसरतो, पाण्यासारखा. रेझिस्टरही मोजत गेले. जुने कार्बनचे रेझिस्टर वयानं चढतात. १ मेगचा एक दीड मेगच्या वर गेलेला निघाला.

ऑगस्टमध्ये आणखी एक नुकसान झालं आणि ते भरून निघालेलं नाही. डायलची काच मळली होती. मी ती काढली, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि दोन्ही बाजूंनी पुसली. फडक्यावर सोनेरी डाग दिसला. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि साठ वर्षांनी त्या रंगाची पकड सुटलेली असते, हे मला माहीत नव्हतं. उजव्या बाजूच्या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यातली चार-पाच नावं एका फटक्यात गेली. रेडिओ सिलोन गेलं. काचेची पुढची बाजूच ओल्या कापडानं पुसा. मागच्या बाजूला कोरडा मऊ ब्रश, तोही अक्षरं चुकवून. नवी काच छापून देणारे आहेत असं कळलं, पण उरलेली अण्णांच्या डोळ्यांखालची अक्षरं फेकून नवी बसवायची माझी तयारी नाही. तो भाग कोराच ठेवला आहे.

याच महिन्यात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एक मोडका सेट मिळाला, ४०० रुपयांना. त्यातून दोन बटणं आणि मागच्या पुठ्ठ्याचे स्क्रू वापरले. स्पीकरच्या कागदाला उंदरानं पाडलेलं भोक होतं. त्यावर चहाच्या पिशवीचा कागद पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं चिकटवला. हा काकांचा जुना उपाय, आणि आवाजात कुठं फरक पडलेला नाही.

डोळ्यासाठी परदेशातच मागवावं लागलं. ईएम ८०ची आतली हिरवी पूड वापरानं झिजते, म्हणून जुन्या नळ्या बहुतेक अंधुक असतात. तिच्याच जोडीची रशियन नळी मिळते, ती चालते. पूर्व युरोपातल्या एका विक्रेत्याकडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डर दिली, टपालखर्चासह २,९०० रुपये. गणपतीच्या आदल्या दिवशी, १८ सप्टेंबरला, मुंबईहून टपालखात्याचं पत्र आलं: पार्सलमध्ये काय आहे, किंमत किती, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्राची प्रत पाठवा. पावती मी जपून ठेवली नव्हती, बँकेतून खात्याचा उतारा काढून त्यावर तो व्यवहार अधोरेखित केला. मागवतानाच तीन गोष्टींची छापील प्रत काढून ठेवा: विक्रेत्याचं बिल, पैसे गेल्याची नोंद, आणि वस्तूच्या पानाचा फोटो. ‘रेडिओची जुनी काचेची नळी, घरगुती वापरासाठी’ असं मी साध्या शब्दांत लिहून दिलं. २० ऑक्टोबरला पोस्टमनदादा पार्सल घेऊन आले, दारातच १,१५० रुपये कस्टम ड्युटी भरली, पावती मिळाली. नळी चिमणीच्या अंड्यासारखी कापसात ठेवलेली होती.

२९ ऑक्टोबरच्या रविवारी पहिल्यांदा वीज दिली, सिरीज बोर्डातून. बल्ब उजळला, मंदावला. काका मीटरचे आकडे विचारत होते, मी सांगत होते. ईएल ८४च्या ग्रिडवर शून्य. कॅथोडवर सव्वासात व्होल्ट. “बरोबर,” काका म्हणाले. मग थेट लाईनवर घेतला. व्हॉल्यूमच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला की स्पीकरमधून भर्रर्र आवाज, म्हणजे मागची बाजू ठणठणीत. पण स्टेशन एकही नाही. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं शांत. मला रडू यायचं बाकी होतं.

काकांनी खिशातून छोटा ट्रान्झिस्टर काढला. व्हॉल्व्हच्या रेडिओत एक स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे आतच लहर तयार करणारा भाग, असतो, तो डायलवरच्या आकड्यापेक्षा साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. म्हणजे आपला काटा ६०० वर असेल तर शेजारच्या ट्रान्झिस्टरवर १०५५ च्या आसपास शीळ ऐकू यायला हवी. आम्ही ट्रान्झिस्टर जवळ ठेवून काटा सावकाश फिरवला. शीळ नाही. ऑसिलेटरच बंद. या एका युक्तीनं शोधायची जागा अख्ख्या चासीवरून एका कोपऱ्यावर आली, आणि त्याला काडीचंही यंत्र लागत नाही.

त्या कोपऱ्यात पुढचा रविवार गेला. बँड स्विच स्प्रेनं धुतला, फरक नाही. ईसीएच ८१ बुधवारच्या बाजारातल्या सेटमधली लावून पाहिली, फरक नाही. मग भिंगाखाली ऑसिलेटरची कॉइल बघितली. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली, केसाएवढी तार. खाली टॅगपाशी हिरवट बुरशीसारखा थर होता, उंदराच्या मुतानं तांबं खाल्लं होतं. ब्रशनं थर झाडला तेव्हा दिसलं, तार टॅगपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर सुटून हवेत होती. नुसत्या डोळ्यांना ती जोडलेलीच वाटायची. एक फेरा उलगडून लांबी मिळवली. तारेवरचं व्हार्निश ब्लेडनं खरवडायला गेले असते तर ती तुटलीच असती, म्हणून काकांनी आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन त्यात टोक धरायला सांगितलं, व्हार्निश जळून तार चकाकली. मग श्वास रोखून टॅगला टेकवली. काका भिंग धरून होते, आणि त्यांचा थरथरणारा हात त्या अर्ध्या मिनिटात अजिबात हलला नाही.

ट्रान्झिस्टरवर शीळ आली. काटा फिरवला की शीळ पुढं सरकायची. काका हसले, “आता नाव सांगतोय.”

एक इशारा इथंच देते. चासीवर ॲल्युमिनियमचे चौकोनी डबे असतात, त्यांना आयएफटी म्हणतात, वरच्या भोकात स्क्रूसारखी कोअर दिसते. ती फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. स्टेशन न येण्याचं कारण ती क्वचितच असते, आणि एकदा जागेवरून हलली की सिग्नल जनरेटरशिवाय परत जुळवणं अवघड.

स्टेशन तरी अजून लांबून आल्यासारखं होतं, खरखरीत बुडालेलं. वाड्याच्या गॅलरीत तांब्याच्या जाळीची एरियल होती, इकडून तिकडे बांधलेली, आणि अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला. फ्लॅटमध्ये पाइप प्लॅस्टिकचे. दहा मीटर तार गच्चीवर टाकायची तर सोसायटीची परवानगी हवी. ८ नोव्हेंबरला लेखी अर्ज दिला: तार किती लांब, कुठून कुठे, सोलर पॅनेलपासून किती दूर, वादळात कोण काढणार. सोबत हातानं काढलेला नकाशा जोडला, त्यानं काम सोपं झालं. कमिटीची बैठक १९ नोव्हेंबरला सकाळी होती. दुपारी विश्वचषकाचा अंतिम सामना, त्यामुळे विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. अट एकच, पावसाळ्यात तार उतरवून ठेवायची. ती मला स्वतःलाही हवीच होती, उघड्यावरची तार विजेच्या दिवसांत घरात आणलेली नको.

मधल्या काळात पेटीचं काम झालं. भद्रकालीतल्या सुतारमामांना ती चकचकीत पीयू पॉलिश करून द्यायची होती. मी लाखेचंच मागितलं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं चढवतात ते, १,८०० रुपये. वरच्या फळीवर चहाच्या पेल्याचा गोल पांढरट डाग आहे, तो घासायला मनाई केली. तिथं अण्णा पेला ठेवायचे आणि आई दर वेळी ओरडायची.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी तार गच्चीवरून खिडकीत आली. काकांना रिक्षानं घरी आणलं. सात वाजता बटण दाबलं. हिरवा डोळा उघडला, स्वच्छ. खरखर मात्र खूप होती. काका म्हणाले, “घरातले दिवे घालवा.” एकेक एलईडी बंद करत गेलो, मुलाच्या मोबाईलचा चार्जर काढला, वायफायचा डबा काढला. प्रत्येक बटणासरशी खरखर एक पायरी उतरायची. शेवटी खोलीत फक्त डायलचा दिवा आणि तो हिरवा ठिपका उरला. मी काटा ‘बॉम्बे’ लिहिलेल्या जागी नेला, तिथं काही नाही. काका म्हणाले, थोडा सरकवा, १९७८ साली मध्यम लहरींच्या जागा बदलल्या, ही काच त्याच्या आधीची आहे. जरासा सरकवला. ५५८ किलोहर्ट्झ, डोळ्याच्या दोन्ही पाती मिटत आल्या आणि मुंबई आकाशवाणीवरच्या निवेदिकेचा आवाज खोलीत उभा राहिला. मराठी, ठाय, भरदार. मोबाईलवर ऐकतो तो आवाज कानात असतो. हा छातीला लागत होता.

आई म्हणाली, “एवढ्या वेळेला कामगार सभा असायची.” मग खुर्ची पुढं ओढून तिनं स्वतः बटण धरलं. मोतिबिंदूनंतर तिला काच नीट वाचता येत नाही. तिनं शॉर्टवेव्हची कळ चाचपडून दाबली, बटण पूर्ण डावीकडे नेलं, तिथून मोजत उजवीकडे दीड फेरा आणि वर थोडंसं. काटा काचेच्या त्या कोऱ्या जागी जाऊन थांबला, जिथलं नाव मी पुसून टाकलं होतं.

“इथं सिलोन,” ती म्हणाली.

तिथं आता नुसता समुद्रासारखा आवाज येत होता. मी पेन्सिल आणून काचेच्या कडेच्या लाकडावर एक बारीक रेघ ओढली.

एकूण खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला, त्यातले ट्रान्सफॉर्मरचे आणि नव्या ईएल ८४चे मिळून साडेसोळाशे त्या पहिल्या तीन मिनिटांचे. शॉर्टवेव्हचा वरचा पट्टा अजून मुका आहे. तिथंही उंदरानं काहीतरी खाल्लं असणार. काकांनी संक्रांतीनंतरचा रविवार दिलाय. जाताना बुधवारच्या बाजारातल्या मोडक्या सेटमधली कॉइल सोबत न्यायची आहे.